तीनदा पाहिलेला अर्धा सिनेमा

प्रिय तारा आणि ईशान,

रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, जादूगारांच्या दुसऱ्या भागाचा शेवट तुला कसा वाटला?" आणि मी म्हणाले, "छान होता." ते खोटं होतं. छत्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि धडा न वाचता उत्तर ठोकून देणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं. तेव्हा रविवारपासून मला चैन नाही. खरं उत्तर असं की मी त्या सिनेमाला तीनदा गेले आणि तिन्ही वेळा अर्धाच पाहून घरी आले. मध्यंतरानंतर त्यात काय होतं, हे मला आजही माहीत नाही.

याला कारण आमचे घरमालक. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. ही हकीकत तुमच्या आईने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावी आणि अवघड शब्द आला की गाळू नये, समजावून सांगावा.

हैदराबादला तारनाक्याला ज्या घरात आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायचो, त्याच घरात वरच्या मजल्यावर ते राहायचे. घर त्यांचं होतं, पण त्यांना घरमालक कुणीच म्हणत नसे. अख्खी गल्ली त्यांना मॅनेजरसाहेब म्हणायची. सिकंदराबादला एकाच पडद्याचं एक जुनं थेटर होतं, त्याचे ते मॅनेजर. हैदराबादचं जुनं मराठी घराणं. आजोबा सरकारी नोकरीत, वडील वकील, थोरले भाऊ वकील. यांनी थेटरात नोकरी धरली तेव्हा वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. "वडिलांनी इंटरव्हल केला हो," ते सांगायचे, "दोन वर्षांचा. नंतर पिक्चर पुन्हा चालू."

त्यांचं सगळं बोलणं असं मध्यंतरावरून चालायचं, कारण मध्यंतर कुठे करायचं हे ठरवणं हीच त्यांची कला होती. तुमच्याकडे परदेशात सिनेमा सुरू झाला की संपेपर्यंत थांबत नाही. आमच्याकडे मधे दिवे लागतात, लोक उठतात, छोटे कांद्याचे समोसे खातात आणि परत येतात. आपल्याकडच्या सिनेमात ती जागा बनवणाऱ्याने ठरवलेली असते. इंग्रजी सिनेमात ती नसतेच. मग तो कुठे थांबवायचा हे थेटरवाल्यांना ठरवावं लागतं. बाकीचे घड्याळाकडे बघून थांबवतात. मॅनेजरसाहेब माणसांकडे बघून थांबवायचे.

पडद्याच्या बाजूला एक छोटं दार होतं. नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला ते त्या दारात पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. हातात विजेरी, तिच्या काचेला वरच्या ऑपरेटरला खूण करायला लाल कागद चिकटवलेला, कानावर पेन्सिल. समोर नऊशे माणसं आणि हे त्यांचे चेहरे वाचतायत. "पिक्चर पडद्यावर नसतो, टीचरबाई," ते मला म्हणायचे. "पडद्यावर तर नुस्ता उजेड असतो. पिक्चर खुर्चीत असतो." त्यांचा नियम सोपा होता. माणसाने श्वास आत घेतला की दिवे लावायचे, सोडला की नाही. श्वास आत असेल तर माणूस समोसा घेऊन धावत परत येतो. सोडला की त्याला घर आठवतं.

चाळीस वर्षांत त्यांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता. पडद्यावर नायक कोण, खलनायक कोण, याचा त्यांना पत्ता नसे. पण कुठला सिनेमा किती दिवस चालेल हे ते पहिल्या खेळाच्या खोकल्यावरून सांगायचे. लोक खोकायला लागले की म्हणायचे, "गुरुवारी उतरणार हा." आणि तो गुरुवारी उतरायचा.

हे खूळ घरातही चालायचं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत असत की लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं घेतलं आणि नवरदेव म्हणाले, "गुरुजी, जरा थांबा. बघा लोक कसे माना उंचावून बसलेत!" वहिनी अंतरपाटापलीकडे हार धरून उभ्या. "माझे हात दुखायला लागले हो," त्या म्हणायच्या. "तरी हे मोजतायत, कोण रडतंय आणि कोण जांभई देतंय."

जिन्यात भेटले की ते आम्हाला एखादी गोष्ट सांगायला लागायचे. "एकदा काय झालं, मॅटिनीला पुढच्या रांगेत गोंधळ. मी विजेरी घेऊन गेलो. खुर्चीखाली वाकून बघतो तर..." इथे ते थांबायचे, तुमच्या आजोबांचा चेहरा नीट न्याहाळायचे, समाधानाने मान हलवायचे आणि चहाला वर निघून जायचे. पुढची गोष्ट संध्याकाळी. आजोबा रेल्वेतले, वेळापत्रकाने जगणारे. ते संतापायचे. "हा माणूस म्हणजे आउटर सिग्नलला उभी असलेली गाडी आहे," म्हणायचे. पण संध्याकाळी पाच वाजता खुर्ची दारात टाकून बसायचे, हे मी स्वतः पाहिलंय. खुर्चीखाली कासव निघालं होतं. कुणीतरी बाजारातून पिशवीत घेऊन आलं होतं.

आता मुख्य हकीकत. थेटरच्या शेठजींनी कारभार मुलीकडे सोपवला. ती परदेशात शिकून आलेली, हुशार, नम्र मुलगी. सगळे तिला छोट्या मॅडम म्हणायचे. रिळं जाऊन संगणक आलेच होते. तिने मॅनेजरसाहेबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि गोड आवाजात सांगितलं, "अंकल, अब आपको खड़े रहने की जरूरत नहीं. मशीन पिक्चर को बीचोंबीच रोक देगी."

त्या दिवशी ते जिन्यात न थांबता तडक आमच्या घरात आले. ते कधी आत येत नसत.

"बीचोबीच! टीचरबाई, पिक्चर म्हणजे काय कलिंगड आहे काय हो, मधोमध कापायला?"

"पण तुमची नोकरी तर आहे ना?" मी विचारलं.

"हौ, आहे की. पंखे, पार्किंग, संडास. मॅनेजर म्हणून ठेवणार मला. कशाचा मॅनेजर ते नक्को विचारू."

मी त्यांना पाणी दिलं. ग्लास अर्धा प्यायले आणि खाली ठेवला. एवढ्यातही त्यांना अर्ध्यावर थांबायची सवय सुटली नाही.

शेवटी छोट्या मॅडमनीच तोड काढली. जादूगारांचा दुसरा भाग येत होता. पहिला भाग तुम्ही सुट्टीत इथे आला होतात तेव्हा याच थेटरात पाहिलात. मध्यंतराला ईशानने रडून गोंधळ घातला होता आणि मॅनेजरसाहेबांनी त्याला मिठी मारून म्हटलं होतं, "शाबास! याला म्हणतात पब्लिक!" तर हा दुसरा भाग म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सिनेमा. त्याचं मध्यंतर मॅनेजरसाहेबांनी ठरवावं. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं तर तो मान कायम त्यांचा. नाही तर पुढच्या शुक्रवारपासून मशीन.

एवढ्या मोठ्या परीक्षेला त्यांनी रंगीत तालीम ठेवली. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, गल्लीतल्या आम्हा वीसेक जणांना थेटरात नेऊन बसवलं. तुमच्या आजोबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि मी भाजी आणण्यापलीकडे कुठे जात नव्हते. मी नको म्हणाले. मॅनेजरसाहेब दारातून हलेनात. "तुम्ही पाहिजेतच. बाकीचे काय, पडद्यावर मांजर दिसली तरी रडतात. तुमचा चेहरा म्हणजे कलेक्टर कचेरीची भिंत. तुम्ही हललात तर समजा हैदराबाद हललं."

सिनेमा तेलुगूत डब केलेला होता. तिकडे तुम्ही तो इंग्रजीत पाहिलात, त्यामुळे तुम्हाला कल्पना यायची नाही. आमचा म्हातारा जादूगार पौराणिक नाटकातल्या ऋषीसारखं भारदस्त तेलुगू बोलत होता. तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी त्याला हात जोडले. नदी आटलेली असते, गाव तहानलेलं असतं, आणि तो आपली उरलेली सगळी वर्षं शिष्येला, एका मुलीला, देऊन टाकतो. मग हळूहळू त्याची वाळलेली पानं होतात, वारा येतो आणि पानं नदीत जातात. हे तुम्हाला पाठ असेल. पण त्याआधी तो एक गोष्ट करतो, ती तुमच्या लक्षात आली का कोण जाणे. अंगावरची शाल काढून, नीट चौपदरी घडी करून तो ती दगडावर ठेवतो.

तुमच्या आजोबांनी दवाखान्यात जायच्या सकाळी तशीच शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली होती. परत आल्यावर लागेल म्हणून.

मला रडू आलं. अंधार होता, कुणाला दिसलं नसेल असं मला वाटलं. पानं नदीत गेली, पडदा पांढरा झाला आणि खाडकन दिवे लागले. मॅनेजरसाहेब लहान मुलासारखे ओरडले, "बस! मिळाला! जा घरी सगळे!" त्यांनी वरच्या ऑपरेटरकडून वेळ विचारून घेतली, पेन्सिलने तळहातावर लिहिली, आणि आम्हाला अक्षरशः हाकलून दिलं. मध्यंतर सापडल्यावर त्यांना सिनेमाशी काय करायचं होतं?

ही झाली पहिली वेळ.

शुक्रवारी पहिल्या खेळाला थेटर खचाखच भरलं होतं. विद्यापीठातली मुलं शिट्ट्या मारत होती, पोरं जादूगारासारख्या काठ्या घेऊन आली होती, जादूगार दिसताच वरून कागदाचे तुकडे उधळले गेले. मी चौथ्या रांगेत होते. छोट्या मॅडम मागच्या दाराशी उभ्या होत्या. मॅनेजरसाहेब त्यांच्या दारात, इस्त्रीचा सफारी घालून, आमच्याकडे तोंड करून.

पानं नदीत गेली. पडदा पांढरा झाला. थेटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दिवे लागले.

आणि सगळे उठले. समोसे घ्यायला नव्हे. बायकांनी डोळे पुसले, चपला शोधल्या, झोपलेली मुलं खांद्यावर घेतली आणि सगळे रांगेने शांतपणे बाहेर निघाले. माझ्या शेजारच्या आजीबाई पदर सावरत उठल्या. मी म्हटलं, "बैठिए, इंटरव्हल है." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"मुसलायना पोयाडु कदा, अम्मा!" म्हातारा गेला ना, आता काय राहिलं? आणि सुनेकडे वळून म्हणाल्या की घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग स्वयंपाक.

हे कसं झालं ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आमच्याकडे अंत्यविधी झाला की कुणी रेंगाळत नाही, मागे वळून न बघता घरी जातात. मॅनेजरसाहेबांनी नऊशे माणसांचे चेहरे बरोबर वाचले होते. फक्त पाठीमागे पडद्यावर अंत्यविधी चाललाय हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

पहिली दोन मिनिटं तर ते खूश होते. त्यांना वाटलं, गर्दी उपाहारगृहाकडे चाललीय. मग फाटकातून स्कूटर निघायला लागल्या. तेव्हा मात्र ते सफारीसकट धावले. मीही धावले, माझ्या वयाला शोभेल इतपत.

"अरे बाबा, रुको! आधा पिक्चर और है!" ते विजेरी हलवत बसस्टॉपवर ओरडत होते.

"क्या है बोलो अंकल," एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "बुड्ढा तो पत्ते बन गया."

"लडकी है ना अभी! लडकी का क्या हुआ, मालूम नक्को?"

"क्या हुआ?"

लडकीचं काय झालं हे मॅनेजरसाहेबांनाही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही नव्हतं.

एक बस आली आणि निदान चाळीस माणसं तिच्यात चढून गेली. चढताना एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अच्छा था साब. छोटा था, मगर अच्छा था." शेवटी मॅनेजरसाहेबांनी बसच्या खिडक्यांत तोंड घालून जाहीर केलं की आजचं फाडलेलं तिकीट घेऊन कुठल्याही खेळाच्या मध्यंतराला यावं, उरलेला अर्धा दाखवू. आम्ही घामाघूम होऊन परत आलो तेव्हा जवळपास रिकाम्या थेटरात सिनेमा संपत आला होता. ही दुसरी वेळ.

पुढचा आठवडा फार गमतीचा गेला. रोज मध्यंतराला फाटकाशी अर्ध्या तिकिटवाल्यांची रांग लागायची. गल्लीत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, म्हाताऱ्यावर संपला तोच खरा सिनेमा, पुढचं उगाच लांबवलंय. दुसरा म्हणे, तुम्ही पुढचं बघितलं नाही म्हणून बोलताय. ज्या आजीबाई आंघोळीला गेल्या होत्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांनी म्हणे घरी त्या जादूगाराच्या नावाने दिवा लावला. आणि छोट्या मॅडमनी गोंधळ टाळायला दर्शनी भागात तीन भाषांत पाटी लावली: "बुजुर्ग के मरने के बाद भी पिक्चर है." त्यावर लोक आणखी भडकले. आत जायच्या आधीच कोण मरणार ते कळायला लागलं!

छोट्या मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत. पण ठरल्याप्रमाणे शुक्रवारपासून मशीन.

गुरुवारी सकाळी मॅनेजरसाहेब खाली आले. हातात दोन तिकिटं होती, खिडकीवर रांग लावून काढलेली. "चला टीचरबाई. आज माझ्या इंटरव्हलचा शेवटचा दिवस. मॅटिनी."

"वहिनींना न्या की."

"ती म्हणते, माझे हात अजून दुखतात."

चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा खुर्चीत बसले, पडद्याकडे तोंड करून. सिनेमा सुरू झाला आणि ते मला म्हणाले, "बाप रे, एवढं मोठं दिसतं हे?" मागून कुणीतरी त्यांना गप्प बसवलं. थोडा वेळ त्यांची मान सवयीने मागे वळत राहिली. मी एकदा कोपराने ढोसलं तेव्हा पुढे बघायला लागले. मग मात्र वळले नाहीत. म्हाताऱ्याने शालीची घडी केली. मॅनेजरसाहेबांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

पानं गेली, दिवे लागले. चारी दारांतून थेटरची माणसं एकदम ओरडली, "इंटरव्हल! इंटरव्हल है! बैठे रहो!"

मॅनेजरसाहेबांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "संपला की हो."

"अर्धा आहे अजून."

"नाही. संपला." ते उठले. "लोक बरोबर उठले होते. मी असतो तर मीसुद्धा उठलो असतो."

त्यांना एकट्याला जाऊ देणं मला बरं वाटलं नाही. ही तिसरी वेळ. फाटकावरचा माणूस आम्हाला अडवायला लागला, "साब, और है..." पण समोर साक्षात मॅनेजरसाहेब पाहून बाजूला झाला.

बसस्टॉपवर ऊन होतं. आठवडाभर माझ्या मनात एक गोष्ट सलत होती, ती मी तिथे बोलून टाकली. "मॅनेजरसाहेब, चूक माझी आहे. तालमीच्या दिवशी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून खूण केलीत. पण मी सिनेमासाठी रडत नव्हते. यांची आठवण आली म्हणून रडत होते. भिंत हलली, पण हैदराबादसाठी नाही."

"मालूम होतं मला," ते म्हणाले.

"कसं?"

"पिक्चरसाठी रडणारा माणूस पुसत पुसत रडतो. पुढचं दिसायला पाहिजे ना. तुम्ही पर्स उघडली, डबी काढली, चष्मा पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली, पर्स बंद केली. मग रडलात."

मला हसू आवरेना. खरंच मी तसं केलं असणार.

"ऑपरेटर तालमीआधीच बोलला होता मला," ते पुढे म्हणाले, "दोन मिनिटं पुढे पूल तुटतो, मुलगी लोंबकळते. अव्वल इंटरव्हल तिथे होता. सगळे श्वास आत. थांबणारच होतो मी तिथपर्यंत."

"मग थांबला का नाहीत? त्या दोन मिनिटांपायी तुमचं सगळं गेलं."

ते रस्त्याकडे बघत होते. बस लांबून दिसायला लागली होती.

"दोन्ही दिवशी तुम्हाला जरा बाहेर वाऱ्यावर जायला पाहिजे होतं, टीचरबाई," ते म्हणाले. "म्हणून लावले दिवे."

बस आली आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी जिन्यात त्यांनी कुठलीच गोष्ट अर्धी ठेवली नाही.

तर असं आहे. डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा तिसरा भाग लागलेला असेल. तो बघायच्या आधी दुसऱ्याचा उरलेला अर्धा मला कुणीतरी सांगायला हवा, तो तुम्ही सांगा. सुरुवातीपासून सांगितलात तरी चालेल, मला घाई नाही. फक्त पानं नदीत गेली की तिथे जरा थांबा. मी तेवढ्यात चष्मा पुसून घेईन.

तुमची,
आजी